ठोकून पाहू नये

हौसाक्कानं ट्रेमधला कोअर उचलला, मधल्या बोटाचं पेर त्यावर दोनदा आपटलं, कान जवळ नेला आणि म्हणाली, "कच्चा हाय. परत घाल."

"आक्का, तासावर पाच मिनिटं झाली," मगदूम साहेब मनगटावरच्या घड्याळाकडं बघत म्हणाले.

"घड्याळाला काय ठावं आत काय चाललंय ते."

साहेबांनी हट्टानं एक कोअर जमिनीवर आपटून फोडला. वरून छान तांबूस, मधोमध ओली पिवळी वाळू. त्यांनी ट्रे परत भट्टीत ढकलला. आक्कानं माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली सोडली.

कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीतली ही गोष्ट, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. लोखंडी भाग आतून पोकळ हवा असला की साच्याच्या पोटात वाळूचा ठोकळा बसवतात आणि भोवतीनं लोखंड ओततात. गार झालं की वाळू झटकून टाकायची. राहते ती पोकळी. त्या ठोकळ्याला कोअर म्हणतात. वाळूत तेल कालवायचं, पेटीत ठासायची, भट्टीत भाजायची. कच्चा राहिला तर लोखंडाला आतून फोड येतात, जास्त भाजला तर बोटाखाली भुगा होतो. म्हणजे शेवटी जे झटकून टाकायचं तेच नीट बनवण्याचा पगार आम्हाला मिळायचा, आणि तोही हेल्परचा. कोअर शॉपमध्ये आम्ही सहा बायका होतो. सहाही हेल्पर, सहाही कंत्राटदाराच्या. हौसाक्का चौगुले अकरा वर्षं भट्टी सांभाळत होती, मी पाच वर्षं वाळू चाळत होते. कागदावर आम्ही दोघी सारख्याच.

त्या महिन्यात मगदूम साहेबांनी आम्हाला पंख्याखाली बोलावलं. पंख्याखाली बोलावलं की काहीतरी अवघड असायचं.

"कंपनीला सर्टिफिकेट घ्यायचंय," ते म्हणाले. "ते असलं तर ट्रॅक्टरवाले माल घेणार, नाहीतर नाही. पुण्याहून ऑडिटर येणार. प्रत्येक मशीनपुढं कामाची रीत लिहिलेला बोर्ड पाहिजे, आणि त्या मशीनवरच्या माणसाला तो वाचता आला पाहिजे. भट्टीवर एक ऑपरेटर दाखवायचाय. कुशल कामगार. कंपनीच्या रजिस्टरला, पगार जवळजवळ दुप्पट, फंड, सगळं."

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्कानं पदर सावरला.

"मला वाचाय कुठं येतंय साहेब."

"तेच म्हणतोय. तीन आठवडे आहेत. मालन शिकवेल."

मालन म्हणजे मी. सातवी झाले आणि लग्न झालं. पण वाचनाची खोड गेली नाही. भज्याचा कागद, जुना दिवाळी अंक, औषधाच्या बाटलीतली चिठ्ठी, काहीही वाचायची. लिहिताना 'गेले, आले' लिहिते तेही त्या कागदांनीच शिकवलं. बोलताना आमच्याकडं बायकाही 'गेलो, आलो'च म्हणतात. गावच्या वाचनालयात मी एकटी बाई जायची. नवरा म्हणायचा, "एवढं वाचतीस, एका अक्षराचा रुपाया झाला का कधी?" नवऱ्याची सूतगिरणी बंद पडून तेव्हा आठ महिने झाले होते. पोरगी सहावीत होती. झाला नव्हता रुपया.

साहेब पुढं म्हणाले, "नाही जमलं, तर ज्याला वाचता येतं त्याचं नाव घालावं लागेल."

नाव कुणी घेतलं नाही. सहाजणींत वाचता येणारी मी एकटीच होते.

*

जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. आम्ही वाळूच्या ढिगाऱ्यापाशी बसायचो. पाटी लागलीच नाही, चाळलेली वाळू सपाट केली की झालं. पहिल्या दिवशी मी तिचं नाव काढून दिलं.

"हे एवढं माझं नाव?" आक्का म्हणाली. "ह्याच्या डोक्यावर दोन काठ्या कशाला?"

"औ आहे तो. हौसा."

"आईबापाला जरा सोपं नाव सापडलं न्हाई व्हय. ती बग यमी. तिचं किती सुटसुटीत असंल."

यमुनाबाई पलीकडून म्हणाली, "माझं नाव काढू नगा, मला शिकवाय लावतील."

दहा दिवसांत आक्काला 'ह' आला, 'स' आला, आणि ते दोन्ही शेजारी ठेवले की 'सह' का 'हस' हे मात्र आलं नाही. आकड्यांचंही तसंच. मोजायची ती विसांनी. तासाला ती 'तीन विसा मिनिटं' म्हणायची. भट्टीच्या तबकडीवरचे आकडे तिनं कधी वाचले नव्हते. काटा कुठल्या ओरखड्यावर आणायचा ते तिच्या डोळ्याला माहीत होतं, तो ओरखडा तिनंच खिळ्यानं मारलेला. पन्नाशी ओलांडलेल्या त्या बोटांना पेन्सिल धरवेना. ज्या बोटांना नखभर चीर अंधारात सापडायची, ती बोटं पेन्सिल धरली की थरथरायची.

अकराव्या दिवशी तिनंच वाळू पुसून टाकली.

"मालन, हे न्हाई व्हायचं. तू मला बोर्ड पाठ करून दे. पाच वळी तर हायत. हजार ओव्या हायत माझ्या डोक्यात, त्यात पाच वळीला जागा न्हाई व्हय?"

"आणि बोट? वाचताना बोट फिरवावं लागतं."

"फिरवतो की. कुठल्या वळीला कुठनं कुठवर, तेवढं दाव."

मग तिनं त्या बोर्डाची ओवीच केली. कोअर पेटीत भरताना तिचं अंग पुढंमागं हलायचं आणि तोंडानं चालायचं: वाळू पेटीत ठासावी, भोकं मोकळी करावी, ट्रे मधल्या कप्प्यात ठेवावा, तापमान दोनशे वीस अंश वेळ साठ मिनिटं, बाहेर काढून थंड करून ठोकून तपासावा. शेवटच्या ओळीवर तिचा आवाज जरा चढायचा. ती ओळ तिची होती. बोर्ड पहिल्यांदा लिहिला तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "आक्का, तू तपासतेस कसा?" आणि तिनं सांगितलं ते मीच खडूनं लिहिलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिचं बोट आणि तोंड असं जुळलं की मला स्वतःला वाटायचं, ही वाचतेय. शेवटी शेवटी तर ती ओळ संपली की बोट उचलून क्षणभर थांबायची, चष्मेवाल्या माणसासारखी.

"हे थांबायचं कुणी शिकवलं?"

"तू थांबतीस की. मी बगतो न्हवं तुला पेपर वाचताना."

*

ऑडिट सोमवारी होतं. शनिवारी संध्याकाळी बाकीच्या गेल्यावर साहेबांनी मला थांबवलं. हातात टाइप केलेला कागद होता.

"मालन, सल्लागारानं बोर्डात बदल सांगितलाय. नवं तेल आलंय ना, तापमान कमी आणि वेळ जास्त. आणि शेवटची ओळ बदलायची. ठोकल्यानं कोअरला बारीक चिरा जातात म्हणे. ठोकायचं नाही, गेज लावून कडकपणा मोजायचा. तुझं अक्षर चांगलं आहे, आत्ताच लिहून टाक."

मी ओल्या फडक्यानं बोर्ड पुसला. तेवढ्याच पाच ओळी, तेवढ्याच लांबीच्या. मी मुद्दाम तशा बसवल्या, बोर्ड सुबक दिसावा म्हणून. चौथी ओळ: तापमान दोनशे अंश, वेळ नव्वद मिनिटं. पाचवी: कोअर थंड करून गेजने तपासावा, ठोकून पाहू नये.

"आक्काला सांग हां," साहेब स्कूटरला किक मारता मारता म्हणाले. "उद्याचा दिवस आहे, पाठ करेल."

"सांगतो साहेब."

रविवारी मी तिच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते, हे कुणी मानो न मानो. त्यांच्या दोन खोल्या, पुढं नहाणीचा दगड. आक्का केस धुऊन उन्हात बसली होती. सून नेहमी तिच्याशी तोडून बोलायची, पण त्या दिवशी तिनं मला आपणहून चहा दिला.

"आमच्या आत्याबाई वाचाय लागल्या म्हणं," सून म्हणाली. त्यात टोमणा शोधला मी, सापडला नाही.

"म्हणून दावू का?" आक्का म्हणाली. शेजारच्या दोघी उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. आक्कानं समोरच्या भिंतीवर बोट फिरवत पाचही ओळी म्हटल्या. चौथीत 'अंश' राहिला. मी म्हटलं, "अंश." तिनं ओळ पुन्हा म्हटली. दोनशे वीस अंश. साठ मिनिटं.

तोंड उघडायचं होतं ते तिथं. मी कपात बघत बसले.

"पगार वाढला की पयलं काय करणार?" शेजारणीनं विचारलं.

"ह्या पोरीच्या हातात द्यायचा," आक्का सुनेकडं मान करून म्हणाली. "मग बगतो कशी ताट आपटती माझ्यापुढं."

सून हसली. आक्काही. मग आक्का माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "आणि मास्तरणीला एक लुगडं. वाईट वाटून घेऊ नगंस मालन, पण तुझं वाचन आज पयल्यांदा कुणाच्या तरी कामाला आलं बग."

ती मायेनंच बोलली. आणि खरं बोलली. मी चहा संपवला, "उद्या वेळेवर या" म्हटलं आणि चालत घरी आले. वाटेत दोनदा थांबले. दोन्ही वेळा मागं फिरले नाही.

*

ऑडिटर बाई निघाली. आगाशे मॅडम. पस्तिशीची, सुती ड्रेस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात जाड बूट. आवाज मऊ. ती कुणावर खेकसली असती तर मला पुढं आयुष्यभर बरं पडलं असतं.

"नमस्कार मावशी. भट्टी तुम्ही बघता?"

"व्हय मॅडम. अकरा वर्सं."

"बोर्डावर काय लिहिलंय, वाचून दाखवाल?"

आक्का बोर्डापुढं गेली. तिच्यामागं साहेब, साहेबांमागं मी. सकाळपासून ती बोर्डासमोरून चारदा गेली होती. तिला तो जुनाच बोर्ड होता. पाच ओळी, माझं अक्षर.

तिनं बोट ठेवलं. पहिली ओळ झाली, बोट उचललं, थांबली. दुसरी. तिसरी. मॅडम मान हलवत होत्या.

"तापमान दोनशे वीस अंश, वेळ साठ मिनिटं."

तिचं बोट 'नव्वद'वर टेकलं होतं.

मॅडमनी मान हलवायची थांबवली. "मावशी, ही ओळ परत एकदा?"

आक्काला वाटलं, आवडली. तिनं आणखी स्पष्ट म्हटलं. "तापमान दोनशे वीस अंश. वेळ साठ मिनिटं."

मगदूम साहेबांनी माझ्याकडं वळून बघितलं. मी बोर्डाकडं बघत राहिले.

"आणि शेवटची?"

"बाहेर काढून, थंड करून, ठोकून तपासावा." आवाज चढला, तिच्या सवयीनं. आणि तेवढ्यावर ती थांबली नाही. शेजारच्या ट्रेमधला कोअर उचलून तिनं पेर आपटलं, मॅडमच्या कानाशी नेला. "ऐका. असा खणखणीत वाजला पायजे. बद्द वाजला की आत कच्चा. हे घड्याळाबिड्याळाला कळत न्हाई बगा मॅडम."

मॅडमनी खरंच ऐकलं. मग कोअर हलकेच ट्रेमध्ये परत ठेवला आणि बोर्डाकडं बघितलं. ठोकून पाहू नये. वहीत काहीतरी लिहिलं.

"मावशी," त्या फार हळू म्हणाल्या, "तुम्हाला वाचता येतं का?"

आक्कानं बोर्डाकडं बघितलं. पाच ओळींवरून डोळे खाली आणले, परत वर नेले. काहीतरी बदललंय एवढं तिला कळलं असावं, काय ते कळायला रस्ता नव्हता. मग तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय लिहिलं होतं कोण जाणे, ते मात्र तिला वाचता आलं.

"हिला येतं," ती म्हणाली. "हिला इचारा."

मॅडम वळल्या. "तुम्ही वाचाल?"

गप्प राहता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. साहेब, माझी चूक झाली, हे चार शब्द बोलता आले असते. तेवढ्यानं आक्काला आणखी एक आठवडा मिळाला असता. मी पुढं झाले आणि पाचही ओळी वाचल्या. एका दमात, न अडखळता. शाळेतून काढल्यापासून कुणीतरी मला पहिल्यांदा वाचायला सांगत होतं, आणि त्या वाचनावर पगार होता. खणखणीत वाचलं मी.

"छान," मॅडम म्हणाल्या.

त्या पुढच्या मशीनकडं गेल्यावर साहेबांनी मला खांबाआड घेतलं. "आक्काला सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं साहेब. घाबरली असेल."

चार हातांवर नळ होता. आक्का तिथं हात धूत होती. पाणी चालू होतं, पण आमचं बोलणं ऐकू जाणार नाही इतकं नाही. तिनं नळ बंद केला, पदराला हात पुसले, एकेक बोट वेगळं. साहेबांच्या शेजारून ती भट्टीकडं परत गेली.

जेवणाच्या सुट्टीत ती वाळूच्या ढिगाऱ्यापाशी आली, रोजच्या जागी बसली. भाकरी सोडली नाही.

"मला कवा सांगितलंस?"

"आक्का, मी विसरलो."

तिनं थोडा वेळ वाळूत बोट फिरवलं. 'ह' काढला, पुसला.

"वाचणारी माणसं विसरत न्हाईत मालन. तुमचं लिवल्यालं असतंय. विसरायचं भ्या आमाला, म्हणून आम्ही घोकत बसतो."

तिनं भाकरीचं फडकं तसंच उचललं आणि यमुनाबाईशेजारी जाऊन बसली.

*

कंपनीला सर्टिफिकेट मिळालं. ते फ्रेम करून गेटवर लावलं. महिन्यानं यादी लागली: भट्टी ऑपरेटर, मालन शंकर शिरगावे, कुशल. माझी चाळणी हौसाक्काकडं गेली.

पहिल्या पावसाळी आठवड्यात, हवेत दमटपणा असताना, जाड कोअरचे चार ट्रे मी बोर्डाप्रमाणं भाजले. दोनशे अंश, नव्वद मिनिटं. गेज लावला. गेज वरची साल तपासतो. वरची साल उत्तम होती. ट्रे घेऊन मी चाळणीजवळून गेले तेव्हा आक्काचा हात वाळूतून वर आला, मधलं बोट वाकलं, ट्रेपर्यंत आलं. मी थांबले. वाट बघितली. ते बोट तसंच हवेत राहिलं, मग उलगडलं, आणि हात पुन्हा वाळूत गेला.

दुसऱ्या दिवशी ओतलेले सगळे भाग फोड येऊन फेकावे लागले. साहेब मला लागेल असं बोलले. मग आक्काकडं गेले. "आक्का, तू जरा हिला बघ की."

"मी हेल्पर हाय साहेब," ती म्हणाली. रागानं नव्हे. साहेबांना माहीत नसावं म्हणून सांगितल्यासारखं.

मी शिकले, माझ्या परीनं. दमट हवेला दहा मिनिटं वाढवायची, जाड कोअर वरच्या कप्प्यात ठेवायचा. वहीत लिहून ठेवत गेले. दोन वह्या भरल्या. कुणी नसताना कोअर कानाशी नेऊन पेर आपटायची. दोन कोअरमधला फरक मला कधी ऐकू यायचा, कधी यायचा नाही. तिला शंभरातला एक कळायचा.

माझी पोरगी त्या पगारावर डिप्लोमापर्यंत गेली. हल्ली एका कंपनीत असलेच बोर्ड लिहिते. आता कॉम्प्युटरवर लिहितात. नवऱ्यानं अक्षराच्या रुपयाचं परत कधी काढलं नाही. हे सगळं त्याच पाच ओळींतून आलं, आणि मी ते काही परत केलेलं नाही.

तीन वर्षांनी कंत्राटदार बदलला. नव्यानं हेल्परलाही दहावीचा दाखला मागितला. यमुनाबाई गेली, आणखी दोघी गेल्या, हौसाक्का गेली. शेवटच्या दिवशी चार वाजता तिनं चाळणी झटकली, भिंतीला टेकवून ठेवली. एवढ्या वर्षांत आम्ही कामापुरतं बोलत होतो. वाळू दे. ट्रे धर. तिनं मला कुणापुढं उघडं पाडलं नाही, आणि एकदाही सोपं केलं नाही.

भट्टीतून तेव्हाच एक ट्रे काढला होता. मी त्यातला एक कोअर उचलून तिच्यापुढं धरला.

"आक्का, एकदा ऐकून सांग. हा कसा हाय?"

तिनं कोअरकडं बघितलं. जवळून बघितलं, नाकाशी नेल्यासारखं. तिला कळलंय हे मला दिसलं. तिची बोटं पदराच्या आत होती, ती बाहेर आली नाहीत.

"बोर्डावर लिवलंय की," ती म्हणाली. "ठोकू नये म्हणून. तुझंच अक्षर हाय."

मग डबा काखेत मारून ती गेटाकडं निघाली. सर्टिफिकेटच्या फ्रेमखाली चपला सरळ केल्या आणि गेली. कोअर माझ्या हातात होता. अजून गरम होता, आणि आत काय होतं ते मला सांगता येत नव्हतं.